सेविका आणि आई: मिशनरी मातेचे जीवनचरित्र कसे जपावे

खानदेशातील आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत एखादी वृद्ध सेविका प्रभूमध्ये निजली, की दफनविधीच्या वेळी तीन-चार भाषणे होतात, वर्षाने प्रथम स्मृतिदिनाची उपासना होते, आणि 'प्रेमळ, प्रार्थनाशील, कष्टाळू' ही विशेषणे तिच्या नावाला कायमची जोडली जातात. ती खोटी नसतात. पण कोणत्याही सेविकेला ती जशीच्या तशी लागू पडतात, आणि म्हणून त्यांच्यात ही एक बाई कोठेच सापडत नाही. ती कोणत्या पाड्यांवर पायी जात असे, तिच्या पिशवीत काय काय असे, पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन ती पलीकडे अडकली म्हणजे घरच्या मुलांना कोण जेवू घालत असे, हे सांगणारे माणूस दहा वर्षांनी उरत नाही.

माझी आई नवापूरच्या बाजूच्या पाड्यांवर तीस वर्षे सुवार्तेचे काम करत होती. तिच्यामागे आम्ही भावंडांनी तिचे छोटेसे चरित्र तयार केले, आणि ते करताना जे जमले व जे हातून निसटले, त्यावरून हे लिहीत आहे. परदेशातून आलेल्या मिशनरी बाईंचे चरित्र लिहायचे असो, गावातल्याच एखाद्या बायबल बाईचे, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून सांगणाऱ्या सेविकेचे, असो किंवा पाळकबाईंचे असो, एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी. अशा स्त्रीला ओळखणारी माणसे दोन प्रकारची असतात. काहींची ती 'बाई' असते आणि काहींची 'आई'. पाड्यावरच्या माणसांना तिच्या घरातले काही ठाऊक नसते, आणि मुलांना ती पाड्यावर कशी वागत असे हे ठाऊक नसते. या दोन आठवणी एकत्र आणणे हेच चरित्र लिहिणाऱ्याचे मुख्य काम आहे, आणि पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी माणसे, मग कागद

कागद कपाटात थांबतात, माणसे थांबत नाहीत. म्हणून पहिल्या महिन्यातच एक यादी करावी आणि ती वयाप्रमाणे लावावी: ज्याचे वय सर्वांत जास्त त्याची भेट सर्वांत आधी. या यादीत तिच्या सोबतीच्या सेविका, जुने पाळक आणि वसतिगृहातल्या मुली येतातच; पण स्वयंपाकघरात तिला मदत करणारी बाई, तिच्या बैलगाडीचा किंवा जीपचा चालक, शेजारचे बिगर-ख्रिस्ती कुटुंब आणि तिच्या सुना यांनाही विसरू नये. सुनांना पुष्कळदा मुलांपेक्षा अधिक माहिती असते, कारण म्हातारपणी सासू आपल्या तरुणपणाच्या गोष्टी दुपारी भाजी निवडताना सुनेलाच सांगत असते.

भेटीचा काळ निवडताना शेतीचे आणि मजुरीचे दिवस पाहावे. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, आणि त्या काळात पाड्यावर गेल्यास बंद दारे आणि दोन-चार म्हातारी माणसे एवढेच भेटते. होळीला मात्र बहुतेक जण घरी येतात. आम्ही पहिली फेरी डिसेंबरात काढली आणि रिकाम्या हाताने परतलो. होळीनंतरच्या आठवड्यात तेच पाडे बोलके झाले.

'बाई कशा होत्या?' असा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर सर्वत्र 'चांगल्या होत्या' असेच मिळते. जागा, वस्तू आणि कृती यांविषयी विचारावे. बाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा कोठे बसल्या, त्यांनी तुमच्याकडचे पाणी घेतले का, भाकरीबरोबर काय खाल्ले, कोणते गीत शिकवले, कोणत्या गोष्टीवरून रागावल्या, शेवटच्या आल्या तेव्हा कोणता महिना होता. एका आजींनी आमच्या पहिल्या चार प्रश्नांना होय-नाही एवढेच उत्तर दिले, आणि 'बाईंच्या पिशवीत काय असायचे?' असे विचारताच त्या पाऊण तास बोलल्या. पिशवीत जुन्या साडीच्या पट्ट्या, बोरिक पावडर, गुळाचा खडा आणि शुभवर्तमानाची छोटी पुस्तके असत. गूळ कशासाठी, हे आम्हांला घरी कधीच कळले नव्हते. जखम धुताना रडणाऱ्या मुलाच्या तोंडात ठेवण्यासाठी तो होता.

बोलणे ज्या भाषेत होईल त्याच भाषेत ते ध्वनिमुद्रित करावे. खानदेशात अहिराणी, मावची, भिलोरी, पावरी अशा अनेक बोली आहेत, आणि सांगणाऱ्याला 'शुद्ध मराठीत सांगा' असे म्हटले, की तो शाळेतल्या मुलासारखा अवघडतो. निवडक वाक्ये मूळ बोलीत छापावी आणि शेजारी मराठी अर्थ द्यावा. "बाई म्हंजे आमनी मायच व्हती," असे एक वृद्धा म्हणाल्या, तेव्हा शेजारी बसलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचे डोळे भरून आले, कारण त्या ज्या वर्षांविषयी बोलत होत्या ती माझ्या बहिणीची वसतिगृहातली वर्षे होती. ते वाक्य आम्ही बोलले तसेच छापले.

ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल पुरेसा आहे. मात्र तो विमान-मोडवर ठेवावा, आरंभी तारीख, गाव आणि नाव मोठ्याने उच्चारावे, आणि त्याच रात्री फाइलची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी. माझ्या निष्काळजीपणामुळे तीन मुलाखती मोबाइलबरोबर गेल्या, आणि त्यांतल्या एका पाळकांना पुन्हा भेटेपर्यंत ते स्वतःच देवाघरी गेले होते. आपल्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण येथे आठवते. असोद्याच्या या माउलीला लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी आज आपल्या हाती आहेत ती सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवून घेतली म्हणून. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले. लिहून घेतले गेले नसते, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

सनावळी लावताना

जुन्या माणसांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतो. म्हणून 'कोणत्या वर्षी?' असे न विचारता '१९७२ च्या दुष्काळाआधी की नंतर?', 'उकाईच्या धरणाचे पाणी इकडे चढले तेव्हा बाई येथे होत्या का?', 'नंदुरबार जिल्हा झाला तेव्हा?' असे विचारावे. उकाई धरण १९७२ च्या सुमारास पुरे झाले आणि नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. अशा दोन-तीन खुंट्या ठोकल्या, की उरलेले प्रसंग त्यांच्या मागेपुढे आपोआप टांगता येतात.

जन्मतारखेविषयी विशेष सावध राहावे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख असंख्य लोकांची असते, कारण खरी तारीख माहीत नसली म्हणजे गुरुजी तीच लिहीत. दाखल्यावर १ जून दिसल्यास ती अंदाजाची समजावी आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशी ताडून पाहावी. जुळत नसेल, तर चरित्रात 'सुमारे' हा शब्द लिहिण्यात काही कमीपणा नाही.

जुन्या कागदांत प्रदेशाची नावेही बदललेली सापडतात. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर ते जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. इंग्रजी अहवालांत धुळे हे 'धुलिया' असते, आणि नवापूर, तळोदे, शहादे ही गावे 'पश्चिम खानदेश' या मथळ्याखाली असतात. नंदुरबार जिल्ह्याच्या नावाने शोधणाऱ्याला १९९८ पूर्वीचे काहीच मिळणार नाही.

घरातले, मंडळीतले आणि मिशनचे कागद

घरात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे तिचे स्वतःचे पवित्र शास्त्र. ते पानोपान चाळावे, कारण समासात तारखा, अधोरेखिते आणि आजारी माणसांची नावे असतात. आमच्या आईच्या शास्त्रात स्तोत्र १२१ च्या बाजूला पेन्सिलीने सात तारखा होत्या, आणि त्या आम्हां भावंडांना वसतिगृहात पोहोचवून ती परत निघाली त्या दिवसांच्या होत्या. तिने हे कोणालाही सांगितले नव्हते. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकाच्या तिच्या प्रतीतही असेच पाहावे. म्हातारी मंडळी गीत क्रमांकाने ओळखतात, त्यामुळे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूस लिहिलेले आकडे बहुधा तिच्या आवडत्या गीतांचे असतात.

छायाचित्रांना प्लास्टिक चढवून लॅमिनेशन करू नये. एकदा ते केले, की मूळ चित्र पुन्हा मोकळे होत नाही. चिकट पानांच्या अल्बममधून चित्रे ओढून काढू नयेत, अल्बमसह त्यांचा फोटो घ्यावा. मागच्या बाजूवर स्टुडिओचा शिक्का असल्यास तोही टिपून घ्यावा, आणि नावे लिहायची असल्यास मऊ पेन्सिलीने लिहावी, बॉलपेनने नव्हे. स्कॅन ६०० डीपीआयवर करावे. मूळ चित्रे सुती कापडात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवावी आणि पेटी भिंतीला टेकवू नये. वाळवी काय करते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

मंडळीच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी असतात. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाहनोंदी ठेवाव्याच लागत असल्यामुळे त्या बहुधा बऱ्या स्थितीत सापडतात, आणि त्यांत वधूवरांच्या वडिलांची नावे आणि साक्षीदार मिळतात. साक्षीदारांची नावे अवश्य उतरवून घ्यावी. त्या काळी तिच्या जवळची माणसे कोण होती, हे त्यांवरून कळते. नोंदवही पाहण्यासाठी पाळक आणि पंच मंडळींकडे लेखी अर्ज करावा, वही तेथेच बसून पाहावी आणि फ्लॅश न वापरता फोटो घ्यावे.

खानदेशात अमेरिकेतून आणि स्वीडनमधून आलेल्या अलायन्स मिशनांनी दीर्घकाळ काम केले. फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये स्थापन केलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन पुढे १९४९ मध्ये नाव बदलून 'टीम' (द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन) झाले, आणि त्याचे कागद अमेरिकेतील व्हीटन कॉलेजच्या अभिलेखागारात आहेत. परदेशी मिशनरी बाईंचे चरित्र लिहिणाऱ्याने तेथे ईमेलने विचारणा करावी. मराठी नियतकालिकांत 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत आले आहे. त्याच्या जुन्या अंकांतील मृत्युलेख आणि मंडळ्यांच्या बातम्या पाहण्यासारख्या आहेत.

मिशनचे अहवाल वाचताना मात्र एक जाणीव ठेवावी. ते देणगी पाठवणाऱ्या लोकांसाठी लिहिलेले असत. त्यामुळे त्यांत यश ठळक असते आणि आपल्या भागातील सेविकेचा उल्लेख पुष्कळदा केवळ 'आमची बायबल बाई' एवढाच असतो, नावाशिवाय. मैलोन्‌मैल चालणारी, बोली जाणणारी, दार उघडून घेणारी ती, आणि नाव मात्र नाही. याचे मला मनापासून दुःख होते. अशा ठिकाणी पगारपत्रके, समूहचित्रांखालील ओळी आणि वसतिगृहाच्या हजेऱ्या ताडून तिचे नाव शोधून काढावे, आणि सापडले की आपल्या पुस्तकात पूर्ण लिहावे: तिचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव आणि गाव.

मुलांचा भाग

हा भाग लिहिणे सर्वांत अवघड आहे आणि तो सहसा गाळला जातो. मिशनरी आईच्या मुलांनी तिच्या सेवेची काही किंमत दिलेली असते. परदेशी कुटुंबांतील पुष्कळ मुले दूर दक्षिणेत कोडाईकनालला, १९०१ मध्ये सुरू झालेल्या शाळेत, शिकायला जात आणि महिनोन्‌महिने आईबापांना भेटत नसत. आपल्याकडच्या सेवकांची मुले मिशनच्या वसतिगृहांत वाढली. काहींना त्याचा अभिमान आहे, काहींच्या मनात सल आहे, आणि पुष्कळांच्या मनात दोन्ही आहेत. भावंडांनी एकत्र बसून लिहू नये, कारण थोरल्याचे ऐकून धाकटी गप्प राहते. प्रत्येकाने वेगळे लिहावे, मग एकमेकांचे वाचावे. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर दोन्ही छापाव्या.

आई म्हणून पाहिल्याने चरित्र किती बदलते, हे पंडिता रमाबाईंच्या उदाहरणाने समजते. मुक्ती मिशन आणि बायबलचे भाषांतर हे त्यांचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जी त्यांच्या कामात उजवा हात होती, ती १९२१ मध्ये वारली आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, या दोन तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे अखेरपर्यंत भाषांतराच्या कामात गढलेली ती विदुषी आपल्याला शोकात बसलेली आईही दिसू लागते. आपल्या मंडळीतल्या बाईच्या तारखाही अशाच शेजारी शेजारी मांडून पाहाव्या: कोणते मूल केव्हा जन्मले, कोणते गेले, आणि त्या वर्षी ती कोणत्या पाड्यावर काम करत होती.

दोष लिहावे का, असे अनेक जण विचारतात. माझ्या मते लिहावे, प्रेमाने आणि मोजके. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात पतीचा तापट स्वभाव लपवला नाही आणि स्वतःचे सोवळेओवळेही लपवले नाही, म्हणूनच त्या दोघांचा विश्वास आजही वाचणाऱ्याला खरा वाटतो. आमची आई हिशेबाच्या बाबतीत कठोर होती आणि वसतिगृहातल्या मुलींना तिची भीती वाटे. हे आम्ही लिहिले, आणि त्यांतल्याच दोन मुलींनी पुढे तिचे आजारपण काढले, हेही लिहिले.

जे लिहू नये तेही सांगतो. तिच्यामुळे किती जणांनी बाप्तिस्मा घेतला, असे आकडे मांडू नयेत; हृदयाचे काम देवाचे असते आणि असे आकडे पुढे वादाला कारण होतात. कोणाच्याही विश्वासाविषयी, आजाराविषयी किंवा घरच्या भांडणाविषयी त्याच्या संमतीवाचून नावानिशी छापू नये. संमती घेताना मजकूर वाचून दाखवावा, केवळ सही घेऊ नये. आजार बरे झाल्याच्या साक्षी असल्यास त्या सांगणाऱ्याच्या शब्दांत द्याव्या, आपल्या पदरचे एक विशेषणही जोडू नये.

छपाई आणि स्मरणाची उपासना

स्मरणिका चौसष्ट पानांपेक्षा मोठी करू नये असे मला वाटते. तेवढी पिन मारून बांधता येते, खर्च आवाक्यात राहतो, आणि लोक ती वाचतात. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी. मजकूर आपण युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो आणि अनेक छापखाने तो आपल्या फॉन्टमध्ये बदलून घेतात, त्या वेळी जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. 'ख्रिस्त' हा शब्दच फुटला, तर फार वाईट वाटते. म्हणून बदलानंतरचे प्रूफ कागदावर मागवावे, आणि एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने तपासावे. बायबलमधील वचने ती ज्या भाषांतरातून वाचत असे त्यातूनच द्यावी.

उपासनेविषयी थोडेच सांगायचे आहे. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतासाठी प्रार्थना करण्याची रीत नाही. ही उपासना तिच्या जीवनाबद्दल देवाचे आभार मानण्यासाठी आणि कुटुंबाच्या सांत्वनासाठी असते, आणि पत्रिकेतील शब्दही तसेच असावे. भाषणे तीनच ठेवावी, आणि त्यांतले एक पाड्यावरच्या माणसाने आपल्या बोलीत करावे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी महिलांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. स्मृतिदिन त्याच्या जवळपास येत असेल, तर महिला मंडळाबरोबर तो साजरा करणे सोयीचे होते.

मांडणीसाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ यासारखा आधार नाही. यापो येथे टबीथा, म्हणजे दुर्कस, मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी पेत्राला दाखवली. त्यांनी भाषण केले नाही, वस्तू दाखवल्या. आम्हीही वेदीच्या बाजूला एका टेबलावर आईची पिशवी, पितळी डबा, शिवणाची कात्री, हिशेबाची वही आणि झिजलेल्या चपला ठेवल्या, आणि प्रत्येक वस्तूजवळ तिच्याविषयी सांगू शकेल असे एक माणूस बसवले. चर्चमध्ये लोक सर्वांत जास्त वेळ त्या टेबलाजवळ थांबले.

कबरीवरच्या दगडासाठी मजकूर आधी कागदावर खऱ्या आकारात लिहून काढावा, दोन जाणत्यांकडून तपासून घ्यावा आणि मगच कारागिराला द्यावा. नाव, दोन तारखा, एक वचन आणि ती जेथे काम करत असे त्या गावांची नावे, एवढे पुरे. गावांची नावे सहसा कोणी कोरत नाही. आम्ही कोरली, आणि त्या गावांतून येणारे लोक आपल्या गावाचे नाव शोधून त्यावर बोट ठेवतात.

छापलेल्या प्रतींपैकी काही मंडळीच्या कपाटात, एखादी जवळच्या ईश्वरविज्ञान विद्यालयाच्या (सेमिनरीच्या) ग्रंथालयात, आणि परदेशी मिशनशी संबंध असल्यास एक तिकडे पाठवावी. पाड्यांवर मात्र प्रती केवळ वाटून येऊ नये. एका संध्याकाळी बसून त्या मोठ्याने वाचून दाखवाव्या, कारण ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांतल्या पुष्कळांना वाचता येत नाही. वाचताना लोक मध्येच थांबवतात आणि चूक सुधारतात. यासाठी शेवटी चार पाने कोरी ठेवावी. आमच्या प्रतीतील त्या पानांवर पहिलीच नोंद अशी आहे, की पिशवीतला गूळ बाई बाजारातून आणत नसत. तो चरणमाळच्या वाटेवरील एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला त्यांना देत, आणि त्यांचे नाव पुस्तकात राहून गेले होते.